डस्टर हातात असेपर्यंत

बी.एड.ला असताना मला एकाच गोष्टीचा मनापासून राग यायचा. सहावी ब च्या पोरांना सगळं येत होतं.

शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईला याचा राग यावा हे ऐकायला बरं वाटत नाही. पण ज्यांनी त्या काळात बी.एड. केलंय त्यांना माझं दुःख कळेल. बाकीच्यांना सांगते.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी आम्ही परभणीच्या पोटात होतो आणि कॉलेजच्या भिंतीवरच्या नकाशात नंतरही तिथंच होतो. शेवटी भूगोल पद्धतीच्या सरांनी लाल स्केचपेननं एक रेघ ओढून आमचा जिल्हा वेगळा काढला. रेघ ओढताना हात हलला आणि कनेरगाव नाक्याच्या पलीकडची दोन-चार गावं आमच्यात आली. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. नवीन संसाराला थोडं जास्तच असलेलं बरं.

या सरांचा आम्हाला धाक होता. उंच, सडपातळ, खिशाला कायम लाल पेन. भूगोल म्हणजे काय हे त्यांनी वर्षभरात आम्हाला कधी सांगितलं नाही, ते आम्हाला पदवीपर्यंत आलंच असणार असं धरलेलं होतं. भूगोल शिकवायचा कसा, हे मात्र त्यांनी आमच्या हाडात मुरवलं. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विवेचन, मग संकलन, मग स्वाध्याय. पाठाच्या टाचणात डावीकडं शिक्षकाची कृती, उजवीकडं विद्यार्थ्याची कृती. उजवीकडच्या रकान्यात ‘विद्यार्थी उत्तर देतील’ असं लिहायचं आणि खाली ते उत्तरही लिहायचं. लेकरू काय बोलणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं असायचं, फक्त लेकराला ते माहीत नसायचं.

सुरुवातीला तर लेकरंही खरी नव्हती. सूक्ष्म पाठ म्हणून एक प्रकार असतो, त्यात आपल्याच वर्गातल्या लोकांनी पाचवीची पोरं व्हायचं आणि एकानं त्यांना शिकवायचं. आमच्या वर्गात मिशीवाले, दोन-दोन लेकरांचे बाप असलेले लोक होते. मी ‘नदीची कार्ये’ शिकवत असताना त्यातल्या एकानं करंगळी वर करून विचारलं, “बाई, जाऊ का?” मी चिडून “जा आणि येऊच नको” म्हणाले. सरांनी माझे ‘प्रबलन कौशल्या’चे, म्हणजे पोरांना उत्तेजन देण्याचे, गुण कापले.

भूगोल पद्धतीत आम्ही मोजकेच होतो. त्यात माझ्या शेजारच्या बाकावर शिरड शहापूरचा एक जण बसायचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याच्या पेट्या बनवायचं काम. तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला भाई. डोकं त्याचं भारी चालायचं, पण कायम वाकड्या वाटेनं. या गोष्टीतला सगळा घोळ त्याच्या डोक्यातून निघाला, आणि त्याला मान डोलावली मी.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. डोंगरकड्याच्या पुढं आमचं गाव. गावच्या शाळेत मला भूगोल शिकवणारे गुरुजी त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. जागा एक, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेला संस्थेच्या सचिवांचा भाचा दुसऱ्या गावी माझ्यासारखाच बी.एड. करत होता. सचिव बाबांना म्हणाले होते, “पोरगी पहिल्या झटक्यात पास झाली तर जागा तिची. न्हाई झाली तर मंग मला बी घरी तोंड दाखवायचंय.” मला ती जागा हवी होती. दुसरी नाही, तीच. त्या वर्गाच्या खिडकीतून टेकडी दिसायची आणि टेकडीचं चित्र काढून गुरुजींनी आम्हाला समोच्च रेषा शिकवल्या होत्या. तिथं उभं राहून भूगोल शिकवायचा हे मी सातवीत असतानाच ठरवलं होतं आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण हसले असते.

त्या सगळ्याच्या आडवी आली सहावी ब.

सरावाच्या शाळेत मुख्याध्यापकांनी भूगोलवाल्यांना हा एकच वर्ग दिला होता. बाकीच्या वर्गांचे शिक्षक म्हणाले, आमची पोरं बिघडतात. आणि पाठासाठी आम्ही सगळे घेत होतो तो घटकही एकच, ‘खडकांचे प्रकार’. कारण त्याचं शैक्षणिक साहित्य कॉलेजात तयार होतं. भाईनं घरून बनवून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत खडकांचे नमुने ठेवलेले असत. मूळचे नमुने कधीच हरवले होते. संगमरवर म्हणून कोणाच्या तरी न्हाणीघरातल्या फरशीचा तुकडा होता. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणलेला, म्हणजे बाभळीचा. टाचा घासायची वजरी होती, ती ज्वालामुखीतला सच्छिद्र खडक म्हणून चालायची. फक्त बेसाल्ट अस्सल होता. तो कॉलेजच्या फाटकासमोर ढिगानं पडलेला असायचा.

तर तीच पेटी, तेच तक्ते, तेच प्रश्न घेऊन आम्ही एकामागून एक सहावी ब मध्ये गेलो. शहाण्याला सांगायला नको की तोवर पोरं काय झाली असतील. आमच्यापेक्षा त्यांचं बी.एड. आधी पूर्ण झालं होतं.

माझा सरावपाठ होता. सर मागच्या बाकावर. मी प्रस्तावना सुरू केली.

“घर बांधायला काय काय लागतं?”

“दगड, बाई!” वर्ग ओरडला. सिमेंट नाही, विटा नाही, लाकूड नाही. एकदम दगड.

“दगड कुठून आणतात?”

“खदानीतून!”

आता शेवटचा प्रश्न. प्रस्तावनेतल्या शेवटच्या प्रश्नाला समस्यात्मक प्रश्न म्हणतात. त्याचं उत्तर एकाही विद्यार्थ्याला येता कामा नये, असा नियम. पोरं गप्प बसली की शिक्षकानं म्हणायचं, ‘बरं, आज आपण हेच शिकणार आहोत.’ उजव्या रकान्यात लिहायचं, ‘विद्यार्थी निरुत्तर होतील.’

मी काळा दगड उंच धरला. “हा दगड कसा तयार झाला असेल?”

दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनी, नाकात बारीक चमकी. “लाव्हा थंड झाला की होतो, बाई. अग्निजन्य खडक. याला बेसाल्ट म्हंतेत.” मी उघड्या तोंडानं बघत राहिले तशी तिला माझी कीव आली असावी. ती हळूच म्हणाली, “आता तुमी म्हणा, आज आपण खडकांचे प्रकार अभ्यासणार आहोत. मंग फळ्यावर लिवा.”

सरांनी लाल पेनानं शेरा मारला, ‘पाठ पुन्हा घ्यावा.’

बाहेर आल्यावर मी भांडले. “सर, तिला उत्तर येतं. मी काय करू?”

“तिला यायला नको,” सर शांतपणे म्हणाले.

“पण सर, येतं ही चांगली गोष्ट आहे ना?”

“चांगली आहे. प्रस्तावनेत नाही.”

दुसऱ्यांदा मी प्रश्न बदलला. हा दगड इतका कठीण का? तेही येत होतं. तिसऱ्यांदा कसाबसा पाठ सुटला, कारण त्या पोरीला ताप होता आणि ती शाळेत नव्हती. तिला ताप आला म्हणून मला बरं वाटलं. हे सांगायला नको, पण वाटलं.

आणि मग वार्षिक पाठाचे, म्हणजे शेवटच्या परीक्षेच्या पाठाचे, घटक चिठ्ठ्या टाकून वाटले, तेव्हा माझ्या चिठ्ठीत निघाले ‘खडकांचे प्रकार’. बाहेरगावचे परीक्षक, वर्ग सहावी ब. मी तिथंच बाकावर डोकं टेकवलं. डोळ्यांसमोर गावच्या शाळेत खुर्चीवर रेलून बसलेला सचिवांचा भाचा दिसायला लागला.

“ताई, रडू नका,” भाई म्हणाला. “पोरायला उत्तर येतं ही तकलीफ आहे न? मंग त्यांना उत्तर न यायचं शिकवायचं.”

“म्हणजे?”

“डस्टर,” तो म्हणाला.

योजना साधी होती. माझ्या हातात डस्टर असला की कोणी तोंड उघडायचं नाही, काहीही झालं तरी. डस्टर टेबलावर ठेवला की सगळ्यांनी हात वर करायचे. मधल्या सुट्टीत आम्ही सहावी ब ला हे समजावलं. पोरांना पटवायला काही लागलंच नाही. चमकीवाल्या पोरीनं एकच शंका काढली, “बाई, तुमाला नोकरी लागून राहिली का?” मी हो म्हणाले. ती मागं वळली आणि वर्गाला म्हणाली, “बाईची नोकरी आहे रे. कोणी बोललं तर पाहा.”

आठवडाभर आम्ही तालीम केली. डस्टर उचलला की वर्ग गपगार, ठेवला की हातांचं रान. आयुष्यात मी इतक्या मेहनतीनं कोणालाही काही शिकवलेलं नाही, आणि शिकवत होते काय, तर न येणं.

वार्षिक पाठाच्या दिवशी माझा नंबर जेवणानंतर होता. हे सगळ्यात भाग्याचं समजलं जायचं. परीक्षकांना कॉलेजातर्फे श्रीखंड-पुरीचं जेवण असायचं आणि त्यानंतरच्या पाठाला ते बहुधा डोळे मिटून गुण द्यायचे. मी पांढऱ्या गणवेशाच्या साडीच्या निऱ्या सावरत मनातल्या मनात श्रीखंडाला हात जोडले. तेवढ्यात भाई धावत आला. “ताई, घोटाळा झाला. आज संकष्टी आहे. सायबांचा उपास आहे. पार टक्क जागे आहेत.”

परीक्षक ठेंगणे, पांढऱ्या केसांचे, आणि उपाशी माणसाच्या तीक्ष्ण नजरेचे होते. ते आमच्या सरांशेजारी मागच्या बाकावर बसले. मी डस्टर टेबलावर ठेवला.

घर, दगड, खदान. ते प्रश्न डस्टर टेबलावर ठेवून विचारले, बरोबर उत्तरं आली. मग डस्टर उचलला आणि काळा दगड दाखवला. “हा दगड कसा तयार झाला असेल?”

अशी शांतता मी पुन्हा कुठल्याही वर्गात ऐकली नाही. पोरांनी ओठ आत घेतले होते. एकानं गाल फुगवले होते. चमकीवालीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि तिचे डोळे बाहेर यायला आले होते. परीक्षकांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. मी हेतुकथन केलं, डस्टर ठेवला, आणि पाठ अगदी वंगण घातल्यासारखा चालला. बाभळीचा कोळसासुद्धा खपून गेला. संकलन झालं, स्वाध्याय दिला. आता फक्त फळा पुसायचा आणि ‘जा’ म्हणायचं.

मी फळा पुसायला डस्टर घेतला तेवढ्यात परीक्षक उठले आणि पुढं आले. पाठ त्यांना आवडला होता, त्याचाच हा प्रसाद. त्यांनी टेबलावरचा काळा दगड उचलून वर्गाला दाखवला. “हा कोणता खडक?”

कोणी बोललं नाही.

“आत्ताच तर बाईंनी शिकवला.”

कोणी बोललं नाही. मी भीतीनं हातातली वस्तू छातीशी घट्ट धरली. ती वस्तू म्हणजे डस्टर आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोला, अरे बोला. पोरं माझ्या हाताकडं बघत होती आणि ओठ आणखी आवळत होती.

“बरं, तुमच्या घराची भिंत कशाची आहे?”

शांतता.

परीक्षकांचा चेहरा बदलला. ते पहिल्या बाकावरच्या एका बारक्या पोराजवळ गेले आणि मऊ आवाजात म्हणाले, “बाळ, तुझं नाव काय?”

बाळानं माझ्याकडं पाहिलं, डस्टरकडं पाहिलं, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं.

 स्वतःचं नावसुद्धा न येणारा वर्ग मी तयार केला होता. जागा गेली, गाव गेलं, टेकडी गेली. परीक्षक लिहायला लागले तसं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा चमकीवाली उठली. तिला राहवेना. “बाई, डस्टर ठेवा न! सर कवाचे विचारून राहिले!”

मी हाताकडं पाहिलं आणि डस्टर टेबलावर टाकला. सगळा वर्ग एकदम फुटला. बेसाल्ट, लाव्हा, अग्निजन्य, आमची भिंत विटांची, आमची दगडाची, आणि या गदारोळात तो बारका पोरगा उभा राहून बेंबीच्या देठापासून आपलं नाव ओरडत होता.

“थांबा, थांबा,” परीक्षक म्हणाले. “डस्टरचं काय?”

चमकीवालीनं त्यांना सगळं सांगितलं, आणि शास्त्रशुद्ध सांगितलं. “सर, प्रस्तावनेतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यायला नसतं पाह्यजे. आलं की पाठ परत होतो. आमाला येतंच, मंग काय करता? बाईची नोकरी आहे.”

मागच्या बाकावर आमच्या सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. ते तो बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, आता परीक्षक मला वर्गाबाहेर काढतील. पण ते टेबलाच्या कडेला टेकून बसले, आणि मला दिसलं की त्यांचे खांदे हलताहेत. उपाशीपोटी माणूस इतका हसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. “ठीक. तुम्हाला सगळं येतं. मग ज्याचं उत्तर खरंच येत नाही असा एखादा प्रश्न आहे का कोणाकडं?”

डस्टर टेबलावरच होता, तरी वर्ग गप्प झाला. ही शांतता वेगळी होती, तालमीतली नव्हती. मग तो बारका पोरगा उठला. “सर, तक्त्यातल्या डोंगराला वर तोंड आहे, त्यातून लाव्हा निघून राहिला. पर आपल्याकडं तोंडाचा डोंगर कुठं न्हाई. मंग इतका काळा दगड आला कुठून?”

मी सरांकडं पाहिलं. सरांनी परीक्षकांकडं पाहिलं. परीक्षकांनी डस्टरकडं पाहिलं.

तक्त्यातला डोंगर परदेशातला होता, टोकदार, वर बर्फ असलेला. तो आम्ही वर्षभर दाखवत होतो आणि आमच्यापैकी कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता. माझ्या टाचणात त्यासाठी रकाना नव्हता.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “उद्या येऊन सांगते.”

परीक्षक लगेच निघून गेले. चहाही घेतला नाही, अर्थात उपास होता. भाई माझ्या नजरेला नजर न देता पत्र्याची पेटी उचलून पसार झाला. संध्याकाळी मी कॉलेजात सरांसमोर जाऊन उभी राहिले. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेले होते, मला त्या मिळायलाच हव्या होत्या.

“सर, चुकलं.”

“ते नंतर,” सर म्हणाले. ते लोखंडी कपाटाशी झटत होते. दार गंजून बसलं होतं. आम्ही दोघांनी ओढून ते उघडलं. आतून सरांनी एक जाडजूड, पुठ्ठा निखळलेला ग्रंथ काढला. त्यांच्या एम.ए.च्या काळातला. टेबलावर वाकून ते बारक्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधत पानं उलटत बसले, मधूनच स्वतःशी हसत, मधूनच मला काही वाचून दाखवत. त्या माणसाला इतकं खुशीत मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. उठताना ते म्हणाले, “इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला टाचण विचारलं. भूगोल कोणी विचारला नाही.”  लाल पेन खिशाला होतं, पण त्या संध्याकाळी त्यांनी ते एकदाही काढलं नाही.

निकाल पुढं उन्हाळ्यात लागला. वार्षिक पाठात मी पास होते, काठावर नव्हे तर बऱ्यापैकी वर. परीक्षकांनी काय पाहून गुण दिले ते त्यांनाच ठाऊक. जूनमध्ये मी गावच्या शाळेत रुजू झाले आणि खिडकीतून टेकडी दिसणारा तो वर्ग मला मिळाला. सचिवांनी घरी तोंड कसं दाखवलं ते मी विचारलं नाही. भाईही लागला, वसमतकडच्या शाळेत. अजून भेटला की म्हणतो, “ताई, योजना बराबर होती. तुमचा हात चुकला.”

पण मला आठवतो तो पाठानंतरचा दुसरा दिवस. तेव्हा निकालाचा पत्ता नव्हता आणि आपण नापास आहोत याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कॉलेजातले सगळे गावी जायच्या गडबडीत होते. मी पांढरी साडी न नेसता साध्या पंजाबी ड्रेसमध्ये सहावी ब च्या दारात उभी राहिले. वर्गशिक्षकांनी विचारलं, “आज कोणाचा पाठ?” मी म्हणाले, “कोणाचाच नाही.” ते संशयानं बघत बाजूला झाले.

चमकीवाली उठून उभी राहिली. “बाई, तुमचा पाठ तर झाला न? मंग आता काहून आल्या?”

“काल सांगितलं होतं ना, उद्या येते म्हणून.”

“व्हय, पर बी.एड.वाले पाठ झाला की परत येत न्हाईत.”

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. पावसाळ्यानंतर हिवाळा येतो, तसं सांगितलं. मला एकदम लाज वाटली. वर्षभर आम्ही या पोरांकडं उत्तरं घ्यायला येत होतो, आणि ती उत्तरं देत होती.

मी विचारलं, “उन्हाळ्यात तुमच्या रानात काळ्या जमिनीला भेगा पडतात की नाही?” पडतात, पोरं म्हणाली, आमच्यात शेळीचा पाय अडकतो, आमच्यात चेंडू गेला तो गेलाच. तर फार फार पूर्वी जमीनच अशी फाटली होती, मी सांगितलं, लांबच लांब भेगा, आणि लाव्हा डोंगराच्या तोंडातून नाही, त्या भेगांतून वर आला आणि पसरत गेला. एक थर निवला की दुसरा. आपण बसलोय तो त्या थरांवर. वर्गातल्या बऱ्याच पोरांनी पायाखाली पाहिलं.

तो बारका पोरगा बाकावर गुडघे टेकून ऐकत होता. “बाई, मंग त्या भेगा आता कुठं गेल्या? बुजल्या का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

चमकीवालीनं वर्गाकडं पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडं.

“मंग उद्या बी या,” ती म्हणाली.